पिवळ्या रेषा कोणाला दिसल्या?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सप्रेम नमस्कार. मी ३६ वर्षांचा, कऱ्हाडजवळ राहतो, शिकवण्या घेतो. २०१७ ते २०२० या काळात मी आणि माझ्या शाळेतल्या मित्राने मिळून एक सुपरहिरो कॉमिक काढलं. कथा आणि संवाद माझे, चित्रं त्याची. आमची नायिका एसटीच्या आगारात फिटर आहे. धातूला हात लावला की तो कुठे थकलाय, कुठे तडा गेलाय, हे तिला कळतं. पाच अंक झाले, १२० पानं. प्रती छापून आम्हीच जत्रांमध्ये, पुस्तक प्रदर्शनांत विकल्या. नंतर मित्र हैदराबादला अ‍ॅनिमेशनच्या नोकरीला गेला आणि सहावा अंक राहिला तो राहिलाच. आता मी तीच गोष्ट कादंबरी म्हणून लिहितोय. तीन प्रकरणं झाली, पण जीव येत नाही. कॉमिकची वीस पानं गद्यात चार पानांत संपतात. मारामारी तर क्रिकेटच्या धावत्या वर्णनासारखी वाटते. बायको म्हणाली, ‘मला हे वाचताना तुमची चित्रंच आठवतात, दुसरं काही दिसत नाही.’ काय चुकतंय? पाचही अंकांतलं सगळं घ्यायला हवं का? आणि मित्राची परवानगी लागेल का? गोष्ट तर माझीच आहे. सोबत अंक आणि प्रकरणं पाठवतोय.

नमस्कार,

पाचही अंक वाचले, मग तिन्ही प्रकरणं वाचली, मग पुन्हा अंक काढून बसले. तुमच्या दुसऱ्या प्रकरणातला एक परिच्छेद इथे जसाच्या तसा देते, कारण तुमची सगळी अडचण मला त्यातच सापडली. बस खंबाटकी घाट चढते आहे, नायिका सुट्टीच्या दिवशी साधी प्रवासी म्हणून बसली आहे:

‘तिने सीटच्या दांडीला हात लावला. तिचे डोळे पिवळे झाले. तिच्या बोटांमधून पिवळ्या रेषा निघाल्या आणि पूर्ण बसभर पसरल्या. मागच्या चाकाजवळ एक रेषा लाल झाली. तिच्या कपाळावर घाम आला. “गाडी थांबवा!” ती ओरडली. कंडक्टरने मागे वळून पाहिले. ड्रायव्हरने आरशात पाहिले. मागचा पाटा तुटला.’

(पाटा म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी.) नऊ वाक्यं आहेत. दुसऱ्या अंकाची नववी आणि दहावी पानं उघडली आणि चौकटी मोजल्या. त्याही नऊच. म्हणजे तुम्ही चित्रं समोर ठेवून एकेका चौकटीला एकेक वाक्य दिलं आहे. बायकोला चित्रंच आठवतात, त्यात नवल नाही.

आता मला सांगा, त्या पिवळ्या रेषा कोणाला दिसल्या?

तिला नाही. स्वतःचे डोळे पिवळे झालेले माणसाला दिसत नाहीत. कंडक्टरलाही नाही, नाहीतर तो नुसता वळून बघत बसला नसता. त्या रेषा फक्त कॉमिक वाचणाऱ्याला दिसत होत्या. तिला आत जे जाणवतंय ते बाहेरच्याला कळावं म्हणून तुमच्या मित्राने काढलेली ती खूण होती. कॉमिकमध्ये ती चालते, छानच चालते. गद्यात मात्र बघणारा कोणीतरी लागतो. तुमच्या तिन्ही प्रकरणांत तो कुठेच नाही. तुमच्या मित्राचा डोळा निघून गेला आणि त्याच्या जागी दुसरा कोणी आलाच नाही.

लहानपणी आमच्या घरी इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक यायचे. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण गोष्टीची हौस दांडगी. मी तिला वेताळाच्या, म्हणजे जंगलात राहणाऱ्या फँटम या नायकाच्या, गोष्टी वाचून दाखवायचे. आधी मी नुसते फुग्यांमधले संवाद वाचायचे. दोन पानांत ती वैतागायची: ‘अगं, बोलतंय कोण? कुठं उभं राहून?’ मग मी चित्रंही सांगू लागले. वेताळ घोड्यावर बसला, वेताळाने मूठ मारली, चोर पडला. तेही तिला पुरायचं नाही. ‘तो मागून आला हे त्या चोराला कळलं कसं नाही?’ ‘एवढ्या जंगलात त्या घोड्याचं खाणंपिणं कोण बघतं?’ वेताळाच्या कपड्यांचा रंग तिने एकदाही विचारला नाही. महिन्याभरात मला उमगलं की चित्रातलं निम्मं सांगायचंच नसतं आणि जे चित्रात नाही तेच तिला हवं असतं. तुम्हीही हा प्रयोग करा. दुसरा अंक घ्या, फोनवरून अशा कोणालातरी वाचून दाखवा ज्याने तो पाहिलेला नाही. त्याचे प्रश्न वहीत उतरवून घ्या. कादंबरीचं कच्चं सामान तिथे मिळेल.

त्या बसमधल्या प्रसंगाकडे परत जाऊ. ज्याला मी बघणारा म्हणते आहे तो डोळ्यांनीच बघेल असं नाही. तुमच्या नायिकेचं सामर्थ्य मुळात डोळ्यांचं नाहीच, हाताचं आणि कानाचं आहे. कॉमिकला आवाज काढता येत नाही म्हणून मित्राला रेषा काढाव्या लागल्या. गद्याला ती अडचण नाही, आणि मराठीला तर अजिबात नाही. धड भांडं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. हा एक ‘बद्द’ शब्द तुमच्या सगळ्या पिवळ्या-लाल रेषांचं काम करतो आणि कोणत्याही स्वयंपाकघरात तो समजावून सांगावा लागत नाही. मी एक परिच्छेद लिहून पाहिला. हाच घ्या असा माझा आग्रह नाही, वाट दाखवण्यापुरता देते:

‘दांडी गार होती. आगारातल्या प्रत्येक गाडीची दांडी तिला ठाऊक होती. हजारो तळहातांनी गुळगुळीत केलेली, इंजिनाच्या सुरात सूर मिसळून गुणगुणणारी. या गाडीचा सूर तिसऱ्या वळणावर मोडला. मागून, उजव्या चाकाच्या वरून, काहीतरी बद्द वाजलं, तडकलेल्या घागरीसारखं. पुढच्या वळणावर पुन्हा. दातांच्या मुळाशी गंजाची चव आली. तिने पाटे मोजले. सगळे बोलत होते, एक गप्प होता. अहो, गाडी बाजूला घ्या, ती म्हणाली. आणि कंडक्टर सुटे पैसे मोजत तसाच पुढे गेला तेव्हा तिला कळलं की आपल्या तोंडून आवाज फुटलेलाच नाही.’

घटना तीच आहे. पाटा अजून तुटलेलाही नाही, पण आता आपण तिच्या हाताच्या आत बसलो आहोत. हाच प्रसंग कंडक्टरच्या बाजूनेही लिहिता येईल. त्याला एवढंच दिसेल की खिडकीजवळची एक बाई दांडी घट्ट धरून बसली आहे, बोटं पांढरी पडली आहेत, गाडी लागत असेल बहुतेक. मग अर्ध्या मिनिटात जे घडतं ते त्याच्या जन्मभर लक्षात राहतं. पहिल्या वाटेने तिचं एकटेपण मिळतं, दुसऱ्या वाटेने तिच्याबद्दलचा अचंबा. दोन्ही एका परिच्छेदात कोंबू नका, एवढं पाळा.

अमेरिकेत हा प्रश्न फार आधी आला आणि तिथल्या जाणत्या लेखकांनी तो कसा सोडवला, ते तुमच्या उपयोगाचं आहे. ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही १९८५-८६ मधली बारा अंकांची मालिका. लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. अनेक विश्वं, शेकडो पात्रं, पेरेझच्या एकेका पानावर माणसांची ही गर्दी! वीस वर्षांनी, २००५ मध्ये, वुल्फमनने स्वतःच त्याची कादंबरी केली. त्या गर्दीचं गद्य कसं करणार? त्याने एक माणूस निवडला, बॅरी अ‍ॅलन, म्हणजे फ्लॅश हा अफाट वेगाने धावणारा नायक. मूळ मालिकेत हा बॅरी आठव्या अंकात मरतो. कादंबरी मात्र त्याच्या नजरेतून पुढे जाते. गोष्ट लेखकाची स्वतःची, कथानक सगळ्यांना माहीत, तरी कादंबरी करताना त्याला बघणारा नव्याने निवडावा लागला. तुमच्या प्रश्नाला याहून जवळचं उदाहरण माझ्याकडे नाही.

‘किंगडम कम’चं थोडं वेगळं. १९९६ चे चार अंक, मार्क वेडची कथा आणि अ‍ॅलेक्स रॉसची रंगवलेली चित्रं. रेघा काढून रंग भरलेले नाहीत, गुवाश म्हणजे अपारदर्शक जलरंगात प्रत्येक चौकट रंगवली आहे. पानाच्या कोपऱ्यात, गर्दीत, मागच्या टेबलावर कोण कोण बसलंय हे शोधण्यात वाचक तासन्‌तास घालवतात. इथे बघणारा मूळ कॉमिकमध्येच होता: नॉर्मन मॅके नावाचा म्हातारा धर्मोपदेशक, ज्याला येऊ घातलेल्या संहाराची स्वप्नं पडतात आणि जो सगळीकडे साक्षीदार म्हणून नेला जातो. रॉसने त्याचा चेहरा आपल्या धर्मोपदेशक वडिलांवरून घेतला होता. १९९८ मध्ये इलियट मॅगिनने, जो १९७० च्या दशकात सुपरमॅनच्या कथा लिहीत असे, त्याची कादंबरी केली. रॉसच्या गर्दीतल्या शंभर चेहऱ्यांची यादी गद्यात देणं म्हणजे लग्नाची आहेराची वही वाचणं. पण एक थकलेला, श्रद्धा डळमळलेला म्हातारा देवासारख्या माणसांकडे बघतो आहे, हे गद्याला पेलतं. चित्रात जो कडेला उभा होता, तो गद्यात मधोमध येतो.

तुमच्या अंकांत असा कडेला उभा असलेला माणूस आहे. आगाराच्या गेटवरचा वॉचमन. पाचही अंकांत तो दिसतो, एकदाही बोलत नाही. त्याचा विचार करून बघा.

आता मारामारी. चौथ्या अंकात भंगाराच्या गोदामातली चौदा पानं मी एका दमात पाहिली, मित्राचा हात तिथे विलक्षण चालला आहे. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात तीच चौदा पानं पावणेदोन पानांत आली आहेत आणि तरीही लांब वाटतात. कारण चित्रातला ठोसा डोळा क्षणात टिपतो, गद्यातला ठोसा वाचावा लागतो. ‘तिने उजव्या हाताने मारले, त्याने डावीकडे वळून चुकवले’ हे वाचताना वाचक मनातल्या मनात स्वतःचे हात हलवून बघतो आणि तिथेच थांबतो.

कॉमिकची गती कशी घडते ते सुपरमॅनच्या मृत्यूच्या कथेत सगळ्यात स्वच्छ दिसतं. तेव्हा सुपरमॅनची चार मासिकं निघत आणि कथा एकातून दुसऱ्यात जाई. डूम्सडे या राक्षसाशी शेवटची झुंज जवळ येऊ लागली तशी पानावरच्या चौकटींची संख्या त्यांनी मुद्दाम उतरत नेली. एका अंकात पानाला चार चौकटी, पुढच्या अंकात तीन, त्याच्या पुढच्यात दोन. आणि १८ नोव्हेंबर १९९२ ला आलेल्या ‘सुपरमॅन’च्या ७५व्या अंकात पानभर एकच चित्र. वाचणाऱ्याच्या छातीत धडधड वाढते ती शब्दांनी नाही, पानाच्या रचनेने. हे गद्यात उचलून आणता येतच नाही. रॉजर स्टर्न त्या चार मासिकांपैकी एकाचा, ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा लेखक होता, आणि १९९३ मध्ये त्यानेच या कथेची कादंबरी लिहिली. तिचं नाव बघा: ‘द डेथ अँड लाइफ ऑफ सुपरमॅन’. मरण आधी, जगणं नंतर. झुंज हा शेवट नाही. तो गेल्यावर त्या शहराचं काय होतं, त्याची प्रेयसी लोइस कशी राहते, त्याची जागा सांगायला एक सोडून चौघे जण कसे उभे राहतात, या सगळ्याला कादंबरीत जागा आहे. कॉमिकमध्येही हे होतंच, पण लोकांना आठवतो तो ७५वा अंक आणि ती फाटलेली लाल झूल. कादंबरीच्या वाचकाकडे फाटकी झूल नसते. त्याला माणसं द्यावी लागतात.

म्हणून माझं ऐका, गोदामातली मारामारी निम्मी करा. तिच्यात काय बदललं तेवढंच ठेवा. तुमच्याच अंकात एक सोन्यासारखी गोष्ट आहे आणि गद्यात ती तुम्ही गाळलीत: तिने भंगारातला जो गज उचलला तो तिला ‘दुखतोय’ असं जाणवतं आणि ती तो टाकून देते. हत्यार टाकणारी नायिका! त्या क्षणासाठी एक अख्खं पान द्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला पट्टी बांधून ती हजेरी लावायला जाते, सुपरवायझर विचारतो काय झालं, ती म्हणते पाना सटकला. अंकात ही एक चौकट आहे, कोपऱ्यातली. गद्यात ती चार पानं होऊ शकते, कारण खोटं बोलताना माणसाच्या आत जे चालतं ते चित्राला फारसं दाखवता येत नाही.

अंकांमधलं सगळं घ्यायचं का, तर नाही. मालिकेला दर अंकाच्या शेवटी वाचकाला लटकवून ठेवावं लागतं, कारण पुढचा अंक विकायचा असतो. कादंबरी वाचणाऱ्याने पुस्तक आधीच घेतलेलं असतं. पाचही अंकांचे पाच लटकते शेवट तसेच ठेवले तर तिसऱ्यानंतर तो दमतो. माझ्या मते दुसऱ्या आणि चौथ्या अंकाचा शेवट ठेवा, बाकीचे वितळू द्या. बॅटमनची ‘नाइटफॉल’ ही कथा १९९३-९४ मध्ये कितीतरी अंकांत पसरली होती: बेन नावाचा खलनायक वेड्यांच्या तुरुंगातले सगळे कैदी सोडतो, त्यांना पकडून पकडून बॅटमन थकतो, मग बेन त्याची पाठ मोडतो, त्याच्या जागी दुसरा बॅटमन उभा राहतो, आणि मूळचा पुन्हा उठून येतो. एकेक कैदी पकडण्यात अंकच्या अंक जातात आणि मासिक वाचणाऱ्याला ते आवडतं, कारण दर महिन्याला त्याला एक पुरी लढाई मिळते. या कथेची कादंबरी १९९४ मध्ये डेनिस ओनीलने लिहिली. तो त्या काळी बॅटमनच्या मासिकांचा मुख्य संपादक होता. म्हणजे ज्याच्या देखरेखीखाली हे सगळे अंक निघाले त्यालाच ते एका पुस्तकात बसवायचे होते. एका पुस्तकाला पाठीचा कणा एकच लागतो. इथे तो एका थकलेल्या माणसाचा आहे. तुमच्या पाच अंकांचा कणा कोणता, ते एका वाक्यात लिहून टेबलासमोर चिकटवा. मला विचाराल तर तो असा आहे: जिला प्रत्येक वस्तूचं दुखणं कळतं तिने आपलं दुखणं कोणाला सांगायचं? या वाक्याशी ज्याचा संबंध नाही ते जाऊ द्या. तिसऱ्या अंकातला हेलिकॉप्टरचा पाठलाग बघायला सुरेख आहे. तो जाऊ द्या.

उलट काही गोष्टी वाढवाव्या लागतील. कॉमिकमध्ये दोन चौकटींच्या मधली पांढरी पट्टी वाचक स्वतः भरून काढतो. तिसऱ्या अंकात एका चौकटीत नायिका आगारात आहे, पुढच्या चौकटीत मुंबईत भाऊच्या धक्क्यावर. अंक वाचताना मला काही खटकलं नाही. तुमच्या प्रकरणात मात्र लगेच वाटलं, हिला रजा कोणी दिली? आजीने तर हमखास विचारलं असतं. तो रजेचा अर्ज, साहेबाचं तोंड, बदली कोण करणार यावरची कुरकुर, रात्रीची गाडी, या सगळ्यातून ती बाई खरी होते. सगळ्याच पट्ट्या भरायच्या नाहीत, नाहीतर कथा जागची हलणार नाही. जिथे तिला काहीतरी मोजावं लागतं, तिथे भरा.

पोशाखाबद्दल एवढंच. तिचा निळा डांगरी आणि दंडावरचा पिवळा पट्टा चित्रात दर चौकटीत लागतो, कारण त्यावरून ती ओळखू येते. गद्यात तिला ओळखायला तिचं नाव आहे. एकदा नीट सांगा आणि मग तो पट्टा कोणीतरी फाडेपर्यंत त्याचं नाव काढू नका.

भाषेचं मात्र जरा जास्त बोलते. तुमचे फुग्यांमधले संवाद अस्सल आहेत, कऱ्हाड-पाटणकडची बोली कानात वाजते. निवेदन मात्र ‘तिने पाहिले, त्याने वळून म्हटले’ अशा इस्त्रीच्या मराठीत. कॉमिकमध्ये वरच्या पिवळ्या पट्टीतलं निवेदन दोन ओळींचं असायचं, तेव्हा ते खपून गेलं. आता तीनशे पानं तेच वाचायचं आहे. तिच्या आत बसायचं ठरवलंत तर निवेदनही तिच्या बोलण्याच्या जवळ आणा. पूर्ण बोलीत लिहा असं नाही, पण तिच्या तोंडचे शब्द, तिच्या उपमा, पान्याच्या-नटाच्या-ग्रीसच्या, निवेदनात येऊ द्या. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात संध्याकाळ ‘सोनेरी शालू नेसून’ येते. फिटर बाईला संध्याकाळ अशी दिसेल का? तिला ती वेल्डिंगनंतर हळूहळू निवत जाणाऱ्या लोखंडासारखी दिसेल.

आता मित्राबद्दल. तुम्ही लिहिता, ‘गोष्ट तर माझीच आहे.’ हे वाक्य मला टोचलं.

कायद्याचं आधी सांगते. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, काढलेल्या चित्रांचा काढणाऱ्याचा; आणि दोघांचं काम एकमेकांपासून वेगळं काढता येत नसेल तर ती कृती दोघांची मिळून. तुमच्या कॉमिकचं नेमकं काय होतं हे तुमच्यात कुठेही लिहिलेलं दिसत नाही, म्हणून प्रकाशकाकडे जाण्याआधी एक साधा कागद करा: कादंबरीवर कोणाचं नाव कसं येईल, मानधनातला किती वाटा त्याचा, मुखपृष्ठ तो करणार का, पुढे सिनेमा-मालिका झाली तर काय. एखाद्या वकिलाला दाखवून दोघांनी सह्या करा. मघाशी सांगितलेल्या सगळ्या अमेरिकी कादंबऱ्या पात्रांच्या मालक कंपनीच्या परवानगीनेच निघाल्या आहेत. तुमचं पात्र तुम्हा दोघांचं आहे, म्हणून परवानगीही एकमेकांचीच हवी.

पण कागद ही त्यातली लहान गोष्ट. तुम्ही पहिल्या अंकाची तुमची मूळ संहिताही पाठवलीत, ते फार बरं केलंत. ती आणि छापील अंक मी शेजारी ठेवून पाहिले. सहाव्या पानासाठी तुम्ही लिहिलं आहे: ‘नायिकेची खोली. रात्र. ती थकून झोपते.’ बस्स. मित्राने काय काढलं आहे बघा. भिंतीवर खिळा, खिळ्याला कापडी पिशवी, खाली फळीवर एक पितळी डबा. डबा इतका घासलेला की त्यात खिडकी उमटली आहे. तिच्या खोलीत तेवढी एकच वस्तू चकचकीत आहे. आणि झोपेत तिचा हात त्या फळीकडे वळलेला आहे, पण टेकलेला नाही. दिवसभर लोखंडाला हात लावणारी ही बाई त्या एका डब्याला हात लावत नाही. हे तुमच्या संहितेत नव्हतं. मग मी सगळे अंक पुन्हा उलटले. तिची खोली जिथे जिथे येते तिथे तो डबा आहे, आणि चौथ्या अंकात, मारामारीच्या रात्री, तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आहे. एकाही संवादात त्याचा उल्लेख नाही. तुमच्या कादंबरीच्या तीन प्रकरणांत तो नाहीच.

तुमचा मित्र नुसती तुमची गोष्ट रेखाटत नव्हता. तोही गोष्ट सांगत होता, तुम्हाला न सांगता. चित्रकाराच्या अशा भरीने आणि लेखकाच्या अशा भरीने ही पात्रं मोठी होत जातात, दोन्ही बाजूंनी. सुपरमॅनवरची पहिली कादंबरी १९४२ ची आहे, जॉर्ज लोथरची. तो रेडिओवरच्या सुपरमॅनच्या श्रुतिका लिहायचा, म्हणजे चित्र नसताना गोष्ट सांगायची त्याला सवय होती. पुस्तकातली चित्रं मात्र मूळ चित्रकार जो शुस्टरचीच. लोथरने सुपरमॅनच्या आईवडिलांची नावं थोडी बदलली: लोराचं लारा केलं आणि जोर-एल या नावाचं स्पेलिंग सुधारलं. तीच रूपं पुढे कॉमिकमध्ये गेली आणि आज सगळं जग त्यांना त्याच नावांनी ओळखतं. तुमच्या कादंबरीतलं काही उद्या तुमच्या राहिलेल्या सहाव्या अंकात जाऊ शकेल. त्यासाठी तो अंक काढणारा माणूस बोलता राहायला हवा.

सुपरहिरोच्या गोष्टीला कादंबरी म्हणून कोणी गंभीरपणे घेईल का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं विचारलं आहे. आगारात काम करणारी, लोखंडाचं दुखणं ऐकणारी बाई मी मराठीत आजवर वाचलेली नाही. मला ती वाचायची आहे.

चौथं प्रकरण लगेच सुरू करू नका. आधी हैदराबादला फोन लावा. कादंबरीचं नंतर सांगा, हक्कांचं त्याच्याही नंतर. त्याला विचारा, त्या डब्यात काय आहे?